वाइड लेन्सवर सीपीएल लावला की आकाशात गडद पट्टा येतोय, महागातला फिल्टर घेऊ का?

किनारा७७:

नमस्कार मंडळी, प्रश्न सीपीएलचा (सर्क्युलर पोलरायझर, लेन्सपुढे लावून फिरवायचा फिल्टर) आहे. माझ्याकडे कॅननची क्रॉप बॉडी (छोट्या सेन्सरचा कॅमेरा), त्यावर १०-१८ मिमी वाइड लेन्स आणि ६७ मिमीचा सीपीएल. परवा रविवारी वांद्र्याच्या किल्ल्यावर गेलेलो, दुपारचे साडेचार वाजले असतील, तिथून दक्षिणेकडे तोंड करून सी लिंक आणि पलीकडची वरळी असं सगळं एका फ्रेममध्ये पाहिजे होतं म्हणून लेन्स पार १०ला नेली. पाऊस संपल्यासंपल्या आकाश कसं निळं असतं ते तुम्हाला माहितीच आहे, एकदा थंडीतलं धुरकट सुरू झालं की मुंबईत असं आकाश बघायला मिळत नाही, त्यामुळे म्हटलं सीपीएल फिरवून निळा अजून खुलवू. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर भारीच दिसत होतं. घरी लॅपटॉपवर उघडलं तर वरळीच्या टॉवरांच्या मागून एक गडद निळा पट्टा निघालाय आणि डावीकडे कलत कलत वर गेलाय, उजवीकडे आकाश जवळजवळ पांढरं आणि डाव्या कोपऱ्यात परत फिकट. ओल्या फडक्याने पाटी अर्धवट पुसावी तसं दिसतंय.

एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले की स्वस्तातल्या फिल्टरची काच सगळीकडे सारखी नसते, चांगल्यातला घ्या, पट्टा जाईल. पाच-सहा हजार घालून खरंच जाणार असेल तर घालतो, पण त्याआधी तुम्हाला विचारावं म्हटलं. शिवाय चारही कोपरे काळे येतायत, ते पण याच्यामुळेच का? (लेन्सवर यूव्ही फिल्टर कायम असतो, सीपीएल त्याच्यावर चढवतो.)

घाटवाट:

नको घेऊस, या कारणासाठी तर अजिबात नको. जगातला सगळ्यात महाग सीपीएल लावलास तरी त्या वेळी त्या दिशेला पट्टा येणारच, कारण तो फिल्टरमध्ये नाहीये, आकाशात आहे. फिल्टरने फक्त तो तुला दाखवला.

झालंय असं की हवेतल्या रेणूंवरून सूर्याचा प्रकाश विखुरतो म्हणून आकाश निळं दिसतं, आणि त्याच विखुरण्यात तो प्रकाश पोलराइझ पण होतो (म्हणजे त्याची कंपनं एकाच दिशेत व्हायला लागतात), पण सगळीकडे सारखा नाही. सूर्यापासून ९० अंशावर सगळ्यात जास्त, आणि सूर्याच्या जवळ किंवा त्याच्या बरोब्बर उलट्या दिशेला जवळपास काहीच नाही. सीपीएल पोलराइझ झालेला प्रकाश बाकीच्यापेक्षा जास्त अडवतो, त्यामुळे जिथे तो जास्त तिथे आकाश गडद आणि जिथे नाही तिथे त्या मानाने फिकट. साधी युक्ती आहे, तर्जनी सूर्याकडे रोखायची, अंगठा तिला काटकोनात ताठ ठेवायचा आणि मनगट फिरवायचं. अंगठा आकाशात जिथून जिथून जाईल तिथे तिथे पट्टा. पुढच्या वेळी कॅमेरा बॅगेतून काढायच्या आधी हे कर.

आता तुझाच फोटो घे. ऑक्टोबरच्या मध्याला साडेचार वाजता सूर्य नैऋत्य-पश्चिमेला, क्षितिजापासून साधारण २५ अंश वर असतो. तू बघतोयस दक्षिणेला. म्हणजे ९० अंशाची रेघ वरळीच्या आसपास क्षितिजातून निघणार आणि सूर्याच्या उलट बाजूला, म्हणजे तुझ्या डाव्या हाताला, झुकत वर जाणार. तू जे वर्णन केलंयस ते अगदी तेच आहे. सूर्यास्तापर्यंत थांबला असतास तर तोच पट्टा जवळजवळ सरळ उभा दिसला असता.

मग लोकांच्या फोटोत का दिसत नाही? कारण ते एवढं वाइड जात नाहीत. तुझ्या बॉडीवर १०ला आडवा कोन ९६ अंशाच्या आसपास होतो. पट्टा मधोमध धरला तर फ्रेमच्या कडा त्याच्यापासून ४८ अंश लांब, आणि तिथे पोलरायझेशन मधल्याच्या जेमतेम ३० टक्के राहतं (हे स्वच्छ हवेचं गणित आहे, प्रत्यक्षात धूळ आणि बाष्प असतं त्यामुळे आकडे थोडे हलतात). तीच लेन्स १८ला नेलीस तर कोन ६४ अंश, आणि कडेला निम्म्याहून जास्त उरतं. तेव्हा चढउतार असतो पण डोळ्यात खुपत नाही. फुलफ्रेमवाल्यांसाठी (मोठ्या सेन्सरचे कॅमेरे) हाच हिशोब म्हणजे १६ला त्रास, २८च्या पुढे बऱ्यापैकी सुटका, ३५ला बिनधास्त.

कोपऱ्यांचं सोपं आहे. यूव्ही काढ. दोन फिल्टरांच्या रिंगा मिळून इतक्या उंच होतात की १०ला त्या फ्रेममध्येच येतात. एकटा सीपीएल लावूनही येत असतील तर पातळ रिंगेचा बघावा लागेल, आणि पैसे घालायचेच असतील तर ते या कारणासाठी घाल. फक्त काही पातळ फिल्टरांना पुढे आटे नसतात, लेन्सचं झाकण बसत नाही, घेताना तपासून घे.

कंदील_दादर:

माझं मत विचारशील तर वाइडवर सीपीएल नकोच. दीड-दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), हूड लावलं की रिंग फिरवता येत नाही, हूड काढलं की उन्हाची तिरीप लेन्सवर, आणि एवढं करून आकाशात डाग. रॉ मध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढायचं, लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये आकाशाचा मास्क, म्हणजे फक्त आकाश निवडायचं, निळ्याची ल्युमिनन्स (उजळपणा) थोडी खाली, झालं काम. सगळं आकाश एकसारखं गडद होतं आणि किती करायचं ते आपल्या हातात. फक्त स्लायडर फार ओढू नका, निळ्यात नॉइज आणि पट्ट्या दिसायला लागतात, जेपेगमध्ये तर लगेच.

तिन्हीसांज:

कंदीलदादा, आकाशापुरतं तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं, पण "वाइडवर नकोच" हे नाही पटत, आणि किनारा, तूही एवढ्यावर सीपीएल कपाटात टाकू नकोस. माझ्या १०-२० वर जूनपासून सप्टेंबरपर्यंत सीपीएल असतोच, आणि तो आकाशासाठी नसतो.

पावसाळ्यात आकाशात ढगच असतात ना. ढगातून येणारा प्रकाश इतक्या वेळा इकडून तिकडे विखुरलेला असतो की त्यात पोलरायझेशन जवळपास उरत नाही, त्यामुळे पट्ट्याचा प्रश्नच येत नाही, कितीही वाइड जा. आणि नेमकं त्याच वेळी सगळं ओलं असतं. कान्हेरीच्या लेण्यांकडे जा कधीतरी चांगला पाऊस पडून गेल्यावर. कातळावरून पाण्याचा पातळ थर वाहत असतो आणि सगळं पांढुरकं ढगाळ आकाश त्याच्यावर पसरलेलं असतं, नुसत्या लेन्सने बघितलं तर कातळ करडा, चकचकीत, जणू त्याला रंगच नाही. रिंग हळूहळू फिरव. एका जागी ती पांढरी झाक एकदम उतरते आणि खालून काळा दगड वर येतो, त्याच्यावरच्या छिन्नीच्या तिरक्या खुणा, खाचेतलं पोपटी शेवाळ, पाण्याखालची लालसर माती, सगळं दिसायला लागतं. रानकेळीच्या आणि सागाच्या पानांचं तेच. ओलं पान आपल्याला हिरवं वाटतं पण कॅमेऱ्याला त्याच्यावर आकाशाचं पांढरं प्रतिबिंबच जास्त दिसतं.

आता हे लाइटरूममध्ये कसं करणार? निळा गडद करता येतो कारण निळा फोटोत आहे. चकाकीखालचं शेवाळ फोटोत आलेलंच नसतं, तिथे नुसतं पांढरं आहे, हिरव्याचा स्लायडर कितीही ओढा, जे आलंच नाही ते कुठून येणार. म्हणून मला वाटतं की या फिल्टरचं खरं काम जमिनीवरचं आहे आणि आकाश हा वरचा फायदा, मिळाला तर मिळाला. बहुतेक जण उलटं धरून चालतात आणि मग वाइडवर निराश होतात.

एवढंच की चकाकी सगळी मारू नये. पूर्ण फिरवून पान एकदम कोरडं दिसायला लागलं तर ते पावसातलं वाटत नाही, मेलेलं वाटतं. मी टोकापर्यंत फिरवते आणि मग थोडी मागे आणते, थोडी झळाळी ठेवते. धबधब्याला जो दीड स्टॉप जातो तो तर हवाच असतो, शटर आपोआप हळू होतं.

आणि एक गोष्ट जी वाइडवाल्यांनी नक्की लक्षात ठेवावी, इंद्रधनुष्य. सप्टेंबरात संध्याकाळी घाटात पूर्वेकडे पूर्ण कमान दिसते, ती सूर्य क्षितिजाजवळ असताना जवळजवळ ८४ अंश रुंद असते म्हणून वाइडशिवाय मावत नाही. त्या कमानीचा प्रकाश जोरदार पोलराइझ असतो आणि कमानीच्याच वळणाने असतो, म्हणजे माथ्यावर आडवा आणि पायांशी उभा. त्यामुळे सीपीएल एका बाजूला फिरवला तर माथा गायब होतो आणि दुसऱ्या बाजूला फिरवला तर दोन्ही पाय गायब! टेलीवर (लांबचं जवळ आणणारी लेन्स) एखादाच तुकडा घेत असाल तर सीपीएल त्याला सुंदर उठाव देतो, पण पूर्ण कमान घेताना सरळ काढून खिशात ठेवा. शोधत बसलात तर तोपर्यंत इंद्रधनुष्य जातं.

किनारा७७:

घाटवाट, ते पट्ट्याच्या झुकण्याचं वाचून मी परत फोटो उघडून बघितला, अगदी तसंच आहे, कमाल वाटली. यूव्ही काढून गॅलरीतून एक फोटो काढला, कोपरे साफ.

ताई, तुमचं पण पटलं. आता पावसाळा आठ महिने लांब, पण पाणी म्हणाल तर मला बाणगंगेला जायचंय, तिथला तलाव आणि भोवतीच्या पायऱ्या, देवळं असं सगळं वाइडने घ्यायचंय. तिथे पाण्यावर पण असाच डाग येणार का? आणि मरीन ड्राइव्हचा पॅनोरमा करायचा होता नरिमन पॉइंटकडून मलबार हिलकडे बघत, त्याला १८ला ठेवून सीपीएल लावला तर चालेल ना?

जुना_निगेटिव्ह:

बाणगंगेचं मी सांगतो, वाळकेश्वरला वाढलोय, तो तलाव कुठल्या वेळी कसा दिसतो ते चांगलं माहीत आहे.

पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाशही सगळ्या कोनांना सारखा पोलराइझ होत नाही. स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ मध्ये याचा नियम मांडला, त्याप्रमाणे पाण्यासाठी सगळ्यात जास्त पोलराइझ होण्याचा कोन ५३ अंश येतो, पण तो उभ्या रेषेपासून मोजलेला. आपल्या भाषेत म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाशी ३७ अंश. तुम्ही खालच्या पायरीवर उभे आहात आणि कॅमेरा पाण्यापासून दीड मीटर उंच आहे असं धरा, तर तुमच्यापासून साधारण दोन मीटरवरच्या पाण्यात सीपीएल सगळ्यात जास्त काम करेल. तिथली चकाकी जवळजवळ पूर्ण जाईल आणि पाण्यात उतरलेल्या पायऱ्या दिसतील. अगदी पायाशी आणि पार पलीकडच्या काठाला परिणाम कमी.

पण हा डाग नाही, इथे हे तुमच्या फायद्याचं आहे. जवळच्या पाण्यात बुडालेली पायरी दिसते आणि लांबच्या पाण्यात देवळांचं प्रतिबिंब तसंच राहतं, दोन्ही एका फोटोत. हे वाइडनेच जमतं. फक्त कॅमेऱ्याची उंची बदलली की ती जागा पुढेमागे सरकते, म्हणून रिंग फिरवायच्या आधी एकदा बसून आणि एकदा उभं राहून बघा. पाणी गढूळ असेल त्या दिवशी मात्र खालचं काहीच दिसणार नाही, मग नुसतं काळपट हिरवं पाणी दिसण्यापेक्षा रिंग उलटी फिरवून प्रतिबिंबच वाढवावं. सीपीएल त्यालाही उपयोगी आहे हे लोक विसरतात. रात्री पावसात ओल्या रस्त्यावर दिव्यांचे लांब पट्टे हवे असतील तरी तेच, नाहीतर चकाकी मारायच्या नादात सगळी मजा जाते.

सकाळी लवकर जा. उन्हं वर आली की आजूबाजूच्या उंच इमारतींच्या काचा पाण्यात चमकतात. काचेवरची चमक योग्य कोनात असली तर सीपीएलने कमी होते, पण धातूची होत नाही, पत्रा किंवा स्टील असेल तर रिंग कितीही फिरवा, तसंच.

आणि फिल्टर लेन्सवर चढवण्याआधी हातात धरून डोळ्यासमोर फिरवून बघायची सवय लावा. लेन्सकडची बाजू डोळ्याकडे ठेवायची, उलटा धरला तर काहीच कळत नाही. आमच्या वेळी साधा लिनियर पोलरायझर असायचा, कुठूनही बघा चालायचा, पण एसएलआरच्या आतल्या अर्धपारदर्शक आरशामुळे मीटर आणि ऑटोफोकस त्याने फसायचे, म्हणून मग मागे आणखी एक थर जोडलेला सर्क्युलर आला. सर्क्युलर म्हणजे गोल फिल्टर असं समजून चौकशी करणारे अजून भेटतात. मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) लिनियरही चालतो, त्यामुळे कोणाच्या घरी जुना चांगल्या काचेचा पडलेला असेल तर फेकू नका.

घाटवाट:

काकांनी पाण्याचं एकदम नेमकं सांगितलंत, दोन मीटरचं मी कधी असं मोजून बघितलं नव्हतं.

किनारा, पॅनोला मात्र सीपीएल नको, १८ला पण नको, ५०ला पण नको. एका फ्रेमचा कोन किती याने फरक पडत नाही, जोडून झाल्यावर सगळा मिळून किती होतो ते बघ. मरीन ड्राइव्हची पूर्ण कमान घेतलीस तर शंभर-सव्वाशे अंश सहज होतात, म्हणजे तोच पट्टा परत येणार, आणि वर प्रत्येक फ्रेमचं आकाश वेगळ्या गडदपणाचं असल्यामुळे सॉफ्टवेअरला जोड लपवता येत नाही. इथे कंदील म्हणतो तेच बरोबर, नंतर मास्क लाव.

एका फ्रेमचा फोटो असेल आणि पाणी आणि आकाश दोन्ही पाहिजे असेल तर ट्रायपॉडवर दोन शॉट घे, एक पाण्यासाठी रिंग फिरवून आणि दुसरा आकाश एकसारखं दिसेल अशी फिरवून, मग क्षितिजावर जोड. बाणगंगेला कडेला सगळ्या इमारती आहेत त्यामुळे आकाश फ्रेममध्ये थोडंच येईल, कदाचित गरजही पडणार नाही.

आणि मे महिन्याचं एक सांगायचं राहिलं. १५-१६ मेच्या सुमाराला मुंबईत शून्य सावलीचा दिवस असतो, भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर. तेव्हा ९० अंशाची रेघ म्हणजे क्षितिजच, चारही बाजूंना. वाइड कुठेही रोखा, डावीकडून उजवीकडे आकाश एकसारखं गडद येणार, फक्त वर जाताना फिकट होत जाणार आणि ते डोळ्याला नैसर्गिक वाटतं. कागदावर हे वाइड आणि सीपीएलसाठी सगळ्यात चांगलं. पण त्या दिवसांत क्षितिजाजवळ इतकं बाष्प आणि धूळ असते की मुंबईत फार हाती लागत नाही. घाटमाथ्यावर, नाणेघाटाच्या वरच्या पठारावर वगैरे, हवा जरा बरी मिळाली तर करून बघण्यासारखं आहे.

कंदील_दादर:

तिन्हीसांज, ओल्या कातळाचा मुद्दा मान्य. शेवाळ स्लायडरने येत नाही हे खरंच आहे. निळ्या आकाशासाठी वाइडवर लावू नये एवढं मात्र मी धरून आहे.

तिन्हीसांज:

एवढं चालेल की :) आणि किनारा, किल्ल्यावर, वरळीला, मरीन ड्राइव्हला जिथे जिथे लाटांचे तुषार येतात तिथे काम झालं की सीपीएल लगेच ओल्या मऊ कापडाने पुसून वाळव. दोन रिंगांच्या फटीत खारं पाणी सुकलं की फिरायचीच बंद होते.

जुना_निगेटिव्ह:

बरोबर. आणि लेन्सवरच घट्ट बसला तर जोर लावून बोटांनी दाबू नका, दाबलं की रिंग जराशी अंडाकृती होते आणि आटे अजून धरून बसतात. रुंद रबर बँड कडेने गुंडाळून हलक्या हाताने फिरवा, सुटतो. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. सीपीएलमध्ये दोन काचांच्या मध्ये फिल्म चिकटवलेली असते, दमटपणा कडेने आत शिरला तर ती सुटायला लागते आणि बुरशी लागली तर आतली पुसता येत नाही.